बेड चारचा बीपी वीसने जास्त का दाखवतो, आणि मॉनिटर तपासायचा म्हणजे काय

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. कोल्हापुरातलं तुमचं तीस खाटांचं हॉस्पिटल. मॉनिटर अकरा : आयसीयूत सहा, ओटीत दोन, रिकव्हरी आणि वॉर्ड मिळून तीन. स्वतःचा बायोमेडिकल इंजिनिअर नाही. कंपनीचा माणूस सहा महिन्यांनी येतो, मॉनिटर पुसतो, हिरवा स्टिकर लावतो, सही घेतो आणि जातो. स्टिकरवरची तारीख ताजी आहे, तरी बेड चारचा मॉनिटर हाताने घेतलेल्या बीपीपेक्षा वीसने जास्त दाखवतो. स्टिकर असताना असं कसं होतं, आणि आम्ही सिस्टरांनी स्वतः काय नि किती दिवसांनी तपासायचं, हे तुम्ही विचारलंय.

मी कोल्हापूर, इचलकरंजी, गडहिंग्लज या पट्ट्यात बावीस वर्षं हेच काम करतोय. भेटीला येणारा इंजिनिअर बहुतेकदा स्वतःच्या बॅगेतली ईसीजी केबल, बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचा स्वतःचा प्रोब आणि बीपीच्या कफाची स्वतःची नळी मॉनिटरला लावतो. सिम्युलेटर, म्हणजे पेशंटऐवजी ठरावीक संकेत देणारं यंत्र, जोडतो, आकडे बरोबर आले की रिपोर्ट लिहितो. मीही सुरुवातीची काही वर्षं असंच केलं. त्यात तपासला जातो तो फक्त डबा. पेशंटच्या दंडावरचा तुमचा कफ, खाटेच्या चाकाखाली सापडून चपटी झालेली तुमची केबल, चिकटपट्टीने बांधलेला तुमचा प्रोब, रात्री कुणीतरी कमी केलेला आवाज, यांतलं काहीच तपासलं जात नाही. आणि चुका तिथेच होतात. पेशंटच्या कातडीला जिथे इलेक्ट्रोड चिकटतो तिथून सुरुवात करून टेबलावर बसलेल्या सिस्टरच्या कानापर्यंत अलार्म पोचतो की नाही, एवढी सगळी वाट तपासली तर ती तपासणी. बाकी सगळं मी याच एका गोष्टीभोवती सांगणार आहे.

बेड चारपासून सुरुवात करू, कारण त्या आकड्यावर आज कुणाचं तरी औषध ठरत असेल. शेजारच्या बेडचा कफ आणि नळी आणून चारच्या मॉनिटरला लावा. त्याच पेशंटच्या त्याच दंडावर दोन-दोन मिनिटं थांबून तीनदा मोजा. आकडा सुधारला तर दोष कफात किंवा नळीत. सुधारला नाही तर उलट करा : चारचा कफ नि नळी पाचच्या मॉनिटरला लावा. दहा मिनिटांत दोष डब्यात आहे की बाहेर, ते कळतं. माझा अनुभव सांगायचा तर दहात आठ वेळा तो बाहेरच निघतो.

आता वीसचा फरक येतो कुठून? आपण स्टेथोस्कोपने आवाज ऐकतो, मॉनिटर आवाज ऐकत नाही. कफातली हवा टप्प्याटप्प्याने सोडताना नाडीच्या ठोक्यामुळे कफातला दाब जो किंचित थरथरतो, ती थरथर तो मोजतो. थरथर सर्वांत जास्त जिथे होते तो दाब म्हणजे मीन, म्हणजे सरासरी दाब. वरचा आणि खालचा आकडा तो त्या थरथरीच्या चढउतारावरून हिशोबाने काढतो, आणि तो हिशोब प्रत्येक कंपनीचा वेगळा. म्हणून हाताने घेतलेल्या बीपीशी पाच-दहाचा फरक पडला तर घाबरायचं कारण नाही. पेशंटची नाडी अनियमित असेल, एट्रियल फिब्रिलेशन असेल, थंडीने कापत असेल, तर फरक त्याहून वाढतो. पण दर वेळी, वेगवेगळ्या पेशंटवर, एकाच दिशेने वीस येत असेल तर काहीतरी बिघडलंय.

पहिला संशय कफाच्या मापाचा. कफातल्या फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या साधारण ४० टक्के आणि लांबी ८० टक्के लागते. फुगा लहान पडला की बीपी खोटा जास्त येतो, मोठा झाला की खोटा कमी. आपल्या गावात हे विशेष लक्षात ठेवायला हवं. तालमीत घुमलेल्या पोराचा दंड ३८ सेंटिमीटरचा असतो, त्याला रुंदी लागते १५ सेंटिमीटरची. त्याला नेहमीचा ॲडल्ट कफ लावला तर धडधाकट पैलवानाला बीपीची गोळी सुरू होईल. कफाच्या आतल्या बाजूला दोन खुणांची रेंज आणि कडेला एक बाण असतो. गुंडाळल्यावर बाण रेंजच्या बाहेर पडला की कफ बदला. आयसीयूत किमान तीन मापांचे कफ हाताशी हवेत, कपाटात कुलपाखाली ठेवलेले चालत नाहीत. दंड हृदयाच्या पातळीला आहे का तेही बघा. दहा सेंटिमीटर खाली लोंबला तर सात-आठ मिलिमीटर जास्त येतात, वर धरला तर तेवढेच कमी.

दुसरा संशय गळतीचा. नळीच्या जोडातली रबरी रिंग वाळते, कफाला धुताना चीर पडते. बहुतेक मॉनिटरांच्या सर्व्हिस मेनूत गळती तपासायची सोय असते. कफ एखाद्या जाड पाइपाला घट्ट गुंडाळायचा, दाब भरायचा आणि एक मिनिट थांबायचं. मिनिटाला ६ मिलिमीटरपेक्षा जास्त उतरला तर गळती आहे. त्याच मेनूत मॅनोमीटर म्हणून वापरायची सोय असते. टी-जोड घालून तुमचं बीपी ॲपरेटस त्याच नळीला लावा आणि ५०, १००, १५०, २०० ला दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहा. ३ मिलिमीटरपर्यंत फरक चालतो. त्यापुढे गेला तर दाब मोजणारा सेन्सर सरकलाय, तो इंजिनिअरनेच बसवायचा. फक्त ज्या ॲपरेटसशी ताडून बघताय ते स्वतः बरोबर आहे ना, हे आधी पाहा. काटा शून्यावर न येणारं ॲनेरॉइड (काट्याचं, बिनपाऱ्याचं ॲपरेटस) घेऊन मॉनिटरला चूक ठरवलेलं मी दोनदा पाहिलंय. सर्व्हिस मेनूचा पासवर्ड करार करतानाच मागून घ्या, नंतर मिळत नाही.

आणि एक गोष्ट, जी कुठल्याच स्टिकरवर येत नाही : मावशी कफ धुतात तेव्हा फुगा आधी बाहेर काढायचा. नाही काढला तर आत पाणी राहतं, पावसाळ्यात चार दिवस वाळत नाही, मग मोजताना ते पाणी नळीतून पंपात आणि व्हॉल्व्हमध्ये जातं. तुमच्या चार नंबरच्या नळीत थेंब दिसतात का, उजेडात धरून बघा.

आता एसपीओटू, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण. प्रोबच्या एका पाकळीत दोन दिवे असतात, एक ६६० नॅनोमीटरचा लाल, दुसरा ९४० च्या आसपासचा डोळ्यांना न दिसणारा. समोरच्या पाकळीतला सेन्सर दोन्ही प्रकाश बोटातून किती पार झाले ते बघतो आणि त्यांच्या प्रमाणावरून ऑक्सिजन काढतो. १९७४ साली जपानच्या निहोन कोहडेन कंपनीतल्या ताकुओ आओयागी यांनी ही युक्ती मांडली. मुळात हे प्रकाशाचं काम आहे, म्हणून प्रकाशाच्या वाटेत जे येईल ते आकडा बिघडवतं. बाळंतपणाला आलेल्या बाईच्या बोटांवरची गडद मेंदी, नेलपॉलिश, ऊसतोड कामगाराच्या बोटाचं जाड घट्टं, शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीतून थेट आलेल्या माणसाच्या नखांतली काजळी. बोट साबणाने धुवा, नाहीतर दुसरं बोट निवडा. कानाच्या पाळीवर लावायचा तर कानाचाच प्रोब लावा, बोटाचा चिमटा कानाला लावून आलेला आकडा धरू नका.

रोजची तपासणी सोपी आहे. सिस्टरने प्रोब स्वतःच्या बोटाला लावायचा. आकडा ९५ च्या वर, लाट स्वच्छ आणि नाडीचा आकडा मनगटावर मोजलेल्या नाडीशी जुळणारा. मग केबल प्लगपासून प्रोबपर्यंत चिमटीत धरून हलवत न्यायची. कुठे लाट तुटली तर तार आतून तुटत आलीय. ही केबल दोन दिवसांनी नाही तर पहाटे तीनला बंद पडते, म्हणून दिसली की लगेच बदला.

पण या तपासणीची मर्यादा समजून घ्या. तुमच्या निरोगी बोटावर ९८ दाखवणारा प्रोब पेशंटच्या ८२ ला ९० दाखवू शकतो. इंजिनिअरकडचा सिम्युलेटरही इथे पुरा पडत नाही. तो मॉनिटरला ठरावीक प्रमाणाचा संकेत देतो आणि मॉनिटर त्याचा हिशोब बरोबर करतो का ते बघतो. प्रोबमधला लाल दिवा खरंच ६६० चा आहे की स्वस्तातला ६७० चा, हे त्याला कळत नाही. म्हणून प्रोब विकत घेताना काळजी लागते. बाजारात नऊ पिनांचा सारखाच दिसणारा प्लग असलेले प्रोब मिळतात. प्लग बसतो, आकडाही येतो, पण तो प्रोब दुसऱ्या पद्धतीच्या मॉनिटरसाठी बनवलेला असतो. तुमच्या मॉनिटरच्या मॉडेलला चालतो असं लेखी देणाऱ्याकडूनच घ्या. आपल्या उद्यमनगरात काहीही बनवून मिळतं, आणि मॉनिटरची ट्रॉली, भिंतीचा ब्रॅकेट, चाकं मी खुशाल तिथून करून घेतो. प्रोब आणि केबल मात्र डाग देऊन जोडलेली चालणार नाही.

अजून दोन सवयी. बीपीचा कफ आणि बोटाचा प्रोब एकाच हाताला लावू नका. कफ फुगला की खालचा रक्तप्रवाह थांबतो, एसपीओटू पडतो, खोटा अलार्म वाजतो, आणि चार वेळा खोटा वाजला की पाचव्या वेळी कुणी बघायला उठत नाही. दुसरं, प्रोबची जागा दर दोन ते चार तासांनी बदला, नवजात बाळाची तर नक्कीच. बाळांच्या पायाला प्रोबच्या दाबाने जखमा झालेल्या मी पाहिल्यात.

ईसीजीचं थोडक्यात सांगतो, कारण त्यातल्या बहुतेक तक्रारी कातडीवर संपतात. अंगाला तेल असतं, घाम असतो. जागा साबणपाण्याने पुसून कोरडी करा, केस असतील तर काढा, इलेक्ट्रोड रोज बदला. उघडं राहिलेलं पाकीट दोन दिवसांत वाळतं आणि वाळलेल्या जेलने लाट थरथरते, मग लोक मॉनिटरला नावं ठेवतात. रंगांचं मात्र नीट ध्यानात घ्या. आपल्याकडे दोन्ही पद्धतींच्या केबली येतात. युरोपी पद्धतीत उजवा हात लाल, डावा हात पिवळा, डावा पाय हिरवा. अमेरिकी पद्धतीत उजवा हात पांढरा, डावा हात काळा, डावा पाय लाल. एकीत लाल उजव्या खांद्यावर, दुसरीत तोच लाल पोटाच्या डाव्या बाजूला. एकाच आयसीयूत दोन्ही ठेवू नका. ठेवाव्याच लागल्या तर प्रत्येक मॉनिटरवर चित्र चिकटवा. पेसमेकर बसवलेला पेशंट आला तर मॉनिटरवर पेसमेकरची सोय चालू करा. नाहीतर हृदय थांबलं तरी मॉनिटर पेसमेकरच्या ठिणग्याच ठोके म्हणून मोजत राहू शकतो.

आता अलार्म. याबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे, आणि त्याला कारण आहे.

पंधराएक वर्षांपूर्वी एका हॉस्पिटलात मी सगळ्या मॉनिटरची सहामाही तपासणी केली. रिपोर्टवर ‘अलार्म : ठीक’ असं लिहिलं. चालू करताना स्पीकरचा आवाज आला, तेवढ्यावर लिहिलं. नऊ दिवसांनी तिथे हर्नियाचं ऑपरेशन झालेला एक माणूस रिकव्हरीत होता. भूल पुरती उतरली नव्हती, जीभ मागे पडली. मॉनिटरवर एसपीओटू ७१, लाल आकडा चमकतोय, आणि आवाज नाही. पेशंटच्या बायकोला ओठ निळे दिसले म्हणून ती ओरडली. सिस्टर धावली, जबडा उचलला, ऑक्सिजन लावला, माणूस वाचला. तो मॉनिटर सकाळी ओटीत होता. कॉटरीच्या (विजेने रक्तस्राव थांबवायच्या यंत्राच्या) गोंधळात अलार्म सारखा वाजतो म्हणून तिथे तो कायमचा बंद केला होता. पेशंटबरोबर मॉनिटरही रिकव्हरीत आला आणि बंदच राहिला. कुणी मला दोष दिला नाही. पण मी त्या दिवशी सही केलेला कागद पुन्हा काढून बघितला, आणि तेव्हापासून कानाने ऐकल्याशिवाय अलार्मपुढे काही लिहीत नाही.

तुम्ही हे असं करा. रोज सकाळच्या ड्युटीला, रिकाम्या बेडच्या मॉनिटरला एक सिस्टर स्वतः प्रोब लावेल. तिची नाडी समजा ८४. नाडीची खालची मर्यादा ९० करा. आकडा चमकायला हवा आणि आवाज यायला हवा. आता दुसऱ्या सिस्टरने नर्सिंग स्टेशनवर, एसी चालू, दार बंद, नेहमीच्या गडबडीत उभं राहून तो ऐकायचा. ऐकू आला तरच ठीक. मग मर्यादा जागेवर आणायची आणि आणली हे दुसरीने बघायचं. दर दिवशी एक मॉनिटर घेतलात तर पंधरवड्यात सगळे अकरा होतात. लीड, म्हणजे ईसीजीची तार, काढून ‘लीड ऑफ’चा आवाज आला म्हणजे अलार्म तपासला असं धरू नका. तो तांत्रिक अलार्म, त्याची पातळी वेगळी, बऱ्याच मॉनिटरांत त्याचा आवाजही वेगळा. हृदय थांबल्याचा अलार्म सिम्युलेटरवर सरळ रेघ लावूनच बघता येतो आणि तो १० सेकंदांच्या आत वाजला पाहिजे. इंजिनिअर आला की हे तुमच्यासमोर करायला सांगा, घड्याळ हातात धरून.

इंजिनिअरकडून आणखी तीन गोष्टी करून घ्या. आवाजाची एक किमान पातळी ठरवून त्याखाली जाता येणार नाही असं कुलूप घाला. ‘अलार्म कायमचा बंद’ हा पर्याय पासवर्डखाली टाका, दोन मिनिटांचा विराम पुरे. आणि पेशंट डिस्चार्ज केल्यावर सगळ्या मर्यादा हॉस्पिटलने ठरवलेल्या मूळ आकड्यांवर आपोआप येतील असं करा. ते मूळ आकडे डॉक्टरांनी लेखी द्यायचे. आधीच्या पेशंटसाठी खाली नेलेली मर्यादा पुढच्याच्या डोक्यावर बसते, हा धोका त्याने जातो.

बॅटरी दर तीन महिन्यांनी. पूर्ण चार्ज करा, बेड रिकामा असताना प्लग काढा, किती मिनिटं चालला ते लिहा. नव्या मॉनिटरच्या निम्म्यावर आला की बॅटरी बदला. पेशंट लावलेला असताना हा प्रयोग कधीही करू नका. मॉनिटरचं घड्याळ महिन्यातून एकदा भिंतीच्या घड्याळाशी जुळवा. सीपीआर कधी सुरू झाला यावर पुढे प्रश्न येतो तेव्हा दोन मॉनिटरांत अकरा मिनिटांचा फरक निघाला तर उत्तर देणं अवघड होतं. पंख्याची जाळी महिन्याला साफ करा, कापसाचे तंतू तिथे गादीसारखे जमतात. आर्टेरियल लाइन, म्हणजे रोहिणीत नळी घालून थेट बीपी मोजणं, लावत असाल तर ट्रान्सड्यूसर (तिचा दाब मोजणारा सेन्सर) हृदयाच्या पातळीला आणून दर ड्युटीला झिरो करायचा. ईटीसीओटूचा (श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजण्याचा) पाण्याचा सापळा भरला की रिकामा न करता बदलायचा. तापमानाच्या प्रोबसाठी एक छोटी सोय सांगतो. बऱ्याच मॉनिटरांत ज्याला ४०० मालिका म्हणतात तो प्रोब असतो, त्याचा रोध ३७ अंशांना सुमारे १३५५ ओहम. १२०० आणि १५० चे दोन अचूक रेझिस्टर एकापुढे एक (सीरिजमध्ये) एका जॅकला जोडून ठेवा. लावले की मॉनिटरने ३७ च्या आसपास दाखवायला हवं.

पुसण्याबद्दल. फवारा थेट मॉनिटरवर मारायचा नाही, फडक्यावर घ्यायचा आणि फडकं पिळून घ्यायचं. कुठलं रसायन चालतं ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल बऱ्याच ठिकाणी चालतं. हायपोक्लोराईटने पिना आणि स्क्रू गंजतात, केबली कडक होऊन तडकतात. कोविडच्या दोन वर्षांत मॉनिटर रोगाने नाही, हायपोने मेले असं मी म्हणेन.

आता वीज आणि पाणी. या दोन्हींत आपलं कोल्हापूर वेगळं आहे. पावसाळ्यात दमटपणामुळे पिनांवर हिरवं जंग चढतं, प्लगमध्ये मुंग्या शिरतात, उबेला झुरळं मॉनिटरच्या आत राहतात. जून लागायच्या आधी सगळे प्लग काढून कोरडे पुसून घ्या. थंड आयसीयूतून मॉनिटर गरम पॅसेजमध्ये नेला की काचेवर दव धरतं तसं आतही धरतं. नेहमीच्या वापरातल्या मॉनिटरला त्याचं सहसा काही होत नाही, पण महिनाभर बंद ठेवलेला एकदम चालू करण्याआधी त्याला खोलीच्या हवेत तासभर राहू द्या.

उन्हाळ्यात उलट त्रास. अर्थिंगचा खड्डा वाळतो. ईसीजीच्या लाटेवर जाड झालर दिसायला लागली, आणि तीही सगळ्याच बेडवर, तर मॉनिटर बदलू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात किती व्होल्ट येतात ते मोजायला सांगा. मी दोनच्या वर गेले की काम काढतो. तीन पिनांपैकी मोठी पिन कापलेला प्लग किंवा जमिनीवर पडलेला एक्स्टेंशन बोर्ड दिसला की त्याच क्षणी काढून टाका. ईसीजीचे इलेक्ट्रोड माणसाच्या छातीवर असतात, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) तर थेट हृदयाजवळ. म्हणून वर्षातून एकदा विजेच्या सुरक्षेची चाचणी हवीच. आयईसी ६२३५३ या मानकाप्रमाणे केबलसह अर्थचा रोध ०.३ ओहमच्या आत, यंत्राचा एकूण गळती प्रवाह ५०० मायक्रोॲम्पिअरच्या आत, आणि ज्या सॉकेटशेजारी हृदयाचं चिन्ह छापलेलं असतं तिथून पेशंटकडे जाणारा प्रवाह ५० मायक्रोॲम्पिअरच्या आत लागतो. रिपोर्टवर हे तिन्ही आकडे लिहिलेले नसतील तर चाचणी झाली असं मानू नका.

पुराचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये तळमजल्यावरची यंत्रं पाण्यात गेली. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यापाशी इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. तुमचं हॉस्पिटल नदीच्या बाजूला आहे, म्हणून ३९ ला पाणी पोचलं की तळमजल्यावरचे मॉनिटर, त्यांच्या केबली आणि चार्जर एकत्र बांधून वर न्यायचे, हे आत्ताच कागदावर लिहा, कुणी न्यायचे त्या मामांच्या नावासह. भिजलेला मॉनिटर उन्हात वाळवून चालू करू नका. २०१९ ला एका ठिकाणी असं केलं, आत राहिलेल्या गाळातून वीज फिरली आणि दुरुस्त होऊ शकलं असतं ते कार्ड जळालं. प्लग लावायचा नाही, इंजिनिअरकडून बॅटरी काढून घ्यायची, आणि तो उघडून धुऊन वाळवेपर्यंत हात लावायचा नाही.

राहिला कंपनीच्या माणसाचा प्रश्न. त्याच्याशी भांडू नका, त्याच्या कामाची पद्धत बदलायला लावा. तो आला की तुमच्या बेडवरच्याच केबली, कफ आणि प्रोब लावून तपासायला सांगा. ‘ठीक’ शब्द चालणार नाही, आकडे हवेत : सिम्युलेटरवर ३०, ६०, १२० आणि १८० ठोके ठेवल्यावर मॉनिटरने किती दाखवले, एक मिलिव्होल्टची लाट दहा मिलिमीटर आली का, दाबाच्या प्रत्येक पायरीला किती फरक. दुरुस्त करण्याआधी काय होतं आणि नंतर काय झालं, दोन्ही लिहून घ्या. आधीचे आकडे कळले नाहीत तर गेले सहा महिने आपण काय वाचत होतो ते कधीच कळत नाही. त्याच्या सिम्युलेटरच्या स्वतःच्या कॅलिब्रेशनची तारीखही मागा. करारात केबल, कफ, प्रोब, बॅटरी धरलेत का ते वाचा, बहुतेक करारांत ते वगळलेले असतात आणि खर्च तिथेच होतो.

प्रत्येक मॉनिटरची एक वही ठेवा, मालिका क्रमांकाने, बेड क्रमांकाने नको, कारण मॉनिटर बेड बदलतात. सरकारी रुग्णालयांत २०१५ पासून यंत्रांच्या देखभालीचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. खासगीत ते आपल्यालाच करावं लागतं. यंत्रामुळे पेशंटला इजा झाली किंवा होता होता राहिली तर तेही वहीत लिहून थांबू नका. २०१५ सालीच सुरू झालेल्या मटेरिओव्हिजिलन्स (वैद्यकीय उपकरणांमुळे होणाऱ्या इजांवर लक्ष ठेवणाऱ्या) कार्यक्रमाकडे कळवता येतं, त्याचं केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. सिस्टरही कळवू शकतात.

बेड चारचे तीन आकडे, पेशंटच्या दंडाचा घेर आणि कफावर छापलेली रेंज मला कळवा. कफ आणि नळी बदलूनही वीसचा फरक राहिला तर त्या मॉनिटरवर बीपी बंद करा, वर ‘बीपी वापरू नये’ अशी चिठ्ठी लावा. ईसीजी आणि एसपीओटूसाठी तो चालेल. तोपर्यंत त्या बेडचा बीपी हाताने घ्या आणि चार्टवर आकड्यापुढे ‘हाताने’ असं लिहा, म्हणजे रात्रीच्या डॉक्टरांना कुठला आकडा कुठून आला ते कळेल.